साक्षीची बाटली

कंपनीत नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. पहिली, चहाचं यंत्र दुपारी चारनंतर नुसतं गरम पाणी देतं. दुसरी, चाचणीच्या खोलीत बसतात त्या काटाबाईंनी अकरा वर्षांपूर्वी सख्ख्या नवऱ्याचा पंप नापास केला होता. नवरा कधी सावत्र असतो का, असं कुणी विचारत नसे. नवा माणूस काचेतून आत डोकावे, आत पन्नाशी उलटलेली एक बाई श्वास रोखून वजनकाट्यापुढे बसलेली दिसे, आणि गोष्ट त्याला जागच्या जागी पटे.

ही गोष्ट सांगतात हे तिला ठाऊक होतं. वरवर ती वैतागायची, "पुरे झालं ते पुराण" म्हणायची. पण खरं सांगायचं तर तिचं सगळं त्या गोष्टीवरच उभं होतं. दारावरच्या पाटीत तिच्या हुद्द्याआधी लागलेला 'प्रमुख' हा शब्द त्या गोष्टीनं दिलेला. तिची सही असली की साहेब कागद न वाचता पुढे सरकवायचे, तेही त्या गोष्टीमुळेच. जी बाई घरच्या माणसाला सोडत नाही ती इतरांना काय सोडणार, असा सगळ्यांचा सरळ हिशेब होता.

कंपनी पंप बनवायची. पंप म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे धडधडणारं, धूर सोडणारं धूड येतं त्यांनी ते बाजूला सारावं. हे पंप काडेपेटीएवढे. आजारी माणसाच्या कमरेला लटकून औषध थोडं थोडं, दिवसरात्र शरीरात सोडत राहायचं, एवढंच त्यांचं काम. किती थोडं? तासाला एक थेंब, फार तर सव्वा. असा पंप नीट चाललाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. ते वजनानंच कळतं. पंपाची केसासारखी नळी एका छोट्या बाटलीत सोडायची, बाटली काट्यावर ठेवायची आणि तासाभरात वजन किती वाढलं ते वहीत लिहायचं. काटा इतका हळवा की जवळ कुणी शिंकलं तर तो तास फुकट. म्हणून त्या खोलीत पंखा नव्हता, गप्पा नव्हत्या, दार आपटलं तर आपटणाऱ्याची धडगत नव्हती. अशा खोलीत तिनं एकोणीस वर्षं काढली होती, डोळ्यांत तेल घालून.

नवरा त्याच इमारतीत तळमजल्यावर होता, पाठवणीच्या विभागात. खोक्यावरचा पत्ता आणि आतला माल जुळतो का, ते बघायचा. सगळे त्याला झडपराव म्हणत. एके काळी तो वरच्या मजल्यावर पंपांची रचना करायचा आणि त्यानं मसुरीच्या दाण्याएवढी एक झडप काढली होती, म्हणून ते नाव. आता नाव उरलं होतं आणि झडप कुणाच्या लक्षात नव्हती. गडी बोलका नव्हता. एक खोड मात्र होती. कुठेही चूक दिसली की पेन्सिलीनं तिच्याभोवती बारीक वर्तुळ काढायचं आणि काही बोलायचं नाही. वर्तमानपत्रात, विजेच्या बिलावर, बायकोनं केलेल्या वाणसामानाच्या यादीवर. लेक लहान असताना तिच्या निबंधांवरही अशी वर्तुळं असायची. "आई, बाबांनी आज तीन अंडी घातली," असं ती येऊन सांगायची.

लेक आता दुसऱ्या गावी नोकरीला होती. घरात ही दोघंच, आणि शुक्रवारी तो निवृत्त व्हायचा होता.

सोमवारी सकाळी जुनी दप्तरं सांभाळणारा कारकून यादी घेऊन आला. "बाई, दहा वर्षांमागच्या वह्या गुरुवारी कातरणीच्या यंत्रात जाणार. तुमच्या खोलीच्या चौदा आहेत. एकदा नजर फिरवा आणि सही करा, म्हणजे माझा पसारा आवरला."

वह्या ढकलगाडीवरच होत्या. सही करून मोकळं व्हायचं तर तिनं त्यातली एक उचलली. कुठली, ते सांगायला नको. जिच्या जिवावर आपण मोठे झालो ती वही माणूस शेवटची एकदा उघडून बघणारच.

डावीकडच्या पानावर तयारी तिच्याच अक्षरात: पाणी उकळून गार केलं, हवा काढली, पंप क्रमांक दोन, नळी बाटलीत बुडवली, वरून तेलाचा थर घातला. उजवीकडच्या पानावर छापील रकाने. एका तासाची वाढ, साठ पूर्णांक नऊ मिलिग्रॅम. साक्षीच्या बाटलीची घट, पाच. बेरीज, पासष्ट पूर्णांक नऊ. हवे होते साठ, चालले असते त्रेसष्टपर्यंत. शेवटच्या चौकटीत लाल शाईनं 'नापास'.

तिनं पान उलटलं. मग परत उलटलं.

ह्यातली मेख अशी आहे. उघड्या बाटलीतलं पाणी उडत असतं. एरवी ते कुणाच्या खिजगणतीत नसतं, पण जिथे तासाला एकच थेंब मोजायचा तिथे तेवढं उडणंही चोरीच. म्हणून काट्याशेजारी तशीच दुसरी बाटली ठेवायची रीत होती. तिच्यात पंप काही सोडत नाही. ती नुसती बसते आणि तिचं पाणी उडतं. तासाभरात ती जेवढी हलकी झाली तेवढं वजन पहिल्या बाटलीच्या आकड्यात मिळवायचं. तिला साक्षीची बाटली म्हणत. दुसरा उपाय म्हणजे पाण्यावर तेलाचा थर घालायचा. मग पाणी उडतच नाही आणि मिळवायचंही काही राहत नाही. दोन्हींपैकी एक करायचं. दोन्ही केलं तर न उडालेलं पाणी उडालं म्हणून मिळवलं जातं, आणि बिचारा पंप हवं त्यापेक्षा जास्त ओततो असं दिसतं.

तिनं दोन्ही केलं होतं. तीनदा केलं होतं, तीन दिवस, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं होतं. तीनदा सारखं आल्यामुळेच सगळ्यांना ते पक्कं वाटलं होतं.

तेल का घातलं, हे तिला लख्ख आठवलं. तोवर त्या खोलीत कुणाच्याही पंपाला तेल घातलेलं नव्हतं. साक्षीच्या बाटलीवर भागायचं. पण हा नवऱ्याचा पंप होता. कुणी बोट दाखवायला नको, बाईनं आपल्या माणसासाठी मोजमाप ढिलं ठेवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं स्वतःहून जास्तीची काळजी घेतली होती. आणि मग सवयीनं, आठ वर्षांच्या सवयीनं, छापील रकानाही भरला होता. लोकांच्या पंपांना तिनं नुसता न्याय दिला. नवऱ्याला जास्त द्यायला गेली आणि त्याचं वाटोळं केलं.

'तेलाचा थर' ह्या शब्दांभोवती पुसटशी पेन्सिल फिरलेली होती. तिची नजर तिथे गेली आणि तशीच पुढे सरकली. वह्या बाहेरचे तपासनीसही चाळतात, खुणा करतात. ती खाली बसून वजाबाकी करत होती. साठ पूर्णांक नऊ. पास. तिन्ही दिवस पास.

त्या पंपासाठी त्यानं जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं घालवली होती. टेबलाच्या एका टोकाला ताटं, दुसऱ्या टोकाला भिंग, चिमटे आणि दाढीच्या पात्यानं कापलेले रबराचे तुकडे. तुकडा खाली पडला की तिघंही गुडघ्यांवर बसून शोधत, लेक टॉर्च धरायची. औषध पुढे जाताना उघडणारी आणि मागे येऊ लागलं की आपोआप मिटणारी झडप त्याला हवी होती, तीही इतकी लहान की सगळा पंप निम्म्यानं आक्रसावा. ज्या दिवशी ती मिटली त्या दिवशी त्यानं बायकोला दोन्ही हातांनी खुर्चीसकट उचललं होतं. ती ओरडली होती, "अहो, पाठ!" आणि पाठ खरंच धरली होती, आठवडाभर.

मग चाचणी झाली. मग साहेबांच्या खोलीत बैठक झाली. त्यानं सगळ्यांसमोर एवढंच विचारलं होतं, "पुन्हा एकदा करून बघायची का?" साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आणि ती म्हणाली होती, "तीनदा झालीये. गरज नाही."

नवऱ्याकडे न बघता म्हणाली होती. त्या न बघण्याचं त्या दिवशी किती कौतुक झालं होतं! पुढे दुसऱ्याच एकाचा पंप निवडला गेला. तो पंप बरा होता, आकारानं दुप्पट. वर्षभरात तिला बढती मिळाली आणि नवऱ्यानं आपणहून तळमजला मागून घेतला. बढतीच्या दिवशी टाळ्या सर्वांत जोरात त्याच्याच. त्यानंतर पाहुणे आले की तो हसत हसत सांगायचा, "आमच्या घरात पास होणं अवघड आहे बरं का. मला विचारा." पाहुणे हसायचे. तीही हसायची. माणूस मनाला लावून घेत नाही, असं तिला वाटायचं. बाकी तो तिच्याशी फारसं बोलायचा नाही, आणि तिनं केलेला चहा कपात तसाच निवू द्यायचा, ते वयानुसार असेल.

मंगळवारी तिनं नमुन्यांच्या कपाटातून सीलबंद डबी काढली. त्याचे सहा पंप केले होते, चार नंबरचा कधी वापरलाच नव्हता. काटा दुरुस्तीला काढलाय असं खोटंच सांगून तिनं दारावर 'आत येऊ नये' लावलं. एकोणीस वर्षांत खोलीच्या नावानं बोललेलं हे तिचं पहिलं खोटं.

पहिला तास पंप हलला, टिकटिकला आणि पाणी एक कणही पुढे गेलं नाही. अकरा वर्षं कोरडी राहून झडप आपल्या बैठकीला चिकटून बसली होती. तिनं पंप मुठीत धरून ऊब दिली, नळीतून स्पिरिट सोडलं, पुन्हा पाणी भरलं. नळीत खसखशीएवढा एक बुडबुडा अडकला. असा बुडबुडा पंपाचा सगळा जोर गिळून टाकतो. नखानं टिचक्या मारून मारून तिनं तो बाहेर घालवला. मग झडप उघडली. काट्यावरचा आकडा चढू लागला, सावकाश, एका चालीनं. ह्या वेळी तेलाचा थर होता आणि साक्षीची बाटली कपाटात होती.

एकोणसाठ पूर्णांक सहा. साठ पूर्णांक एक. एकोणसाठ पूर्णांक आठ.

ती रडली नाही. त्या खोलीत रडायची सोयच नव्हती. तिनं आकडे चाचणीच्या नेहमीच्या निळ्या कागदावर उतरवले, शेवटच्या चौकटीत 'पास' लिहिलं, खाली सही केली आणि कागद पर्समध्ये ठेवला. तो दिवस आणि पुढचा अख्खा दिवस तिनं वाक्यं जुळवण्यात काढले. सांगितलं तर आयुष्यभराची पाटी पुसली जाणार होती. साहेबांसमोर मान खाली, त्या कारकुनासमोरही मान खाली. पण त्याचं तिला तितकं नव्हतं. ह्या माणसाला त्याचा पंप परत द्यायचा तर निवृत्तीच्या आधी द्यायला हवा, एवढंच डोक्यात होतं. शनिवारपासून तो नुसता खोक्यांवरचे पत्ते बघितलेला माणूस म्हणून घरी बसणार होता.

बुधवारी संध्याकाळी तो टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, हातात पेन्सिल. तिनं भाजी चिरायला घेतली, अर्धवट ठेवली, हात पुसले आणि समोर येऊन बसली.

"अहो, एक सांगायचंय."

"हं."

"तुमच्या पंपाचं. ती चाचणी... माझ्याकडून एक चूक झाली होती."

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "तेल," तो म्हणाला.

तिला वाटलं, स्वयंपाकाच्या तेलाचं काही म्हणतोय. तिनं वळून शेगडीकडे पाहिलंसुद्धा. आणि मग त्या पानावरची पुसट पेन्सिल तिच्या डोळ्यांपुढे आली, शब्दांभोवती फिरलेली, बारीक, गोल. जन्मभर पाहिलेलं वर्तुळ.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बैठकीनंतर चौथ्या दिवशी कळलं. वही तुझ्या टेबलावर उघडी होती. डावीकडे तेल, उजवीकडे बाटलीची घट." आता त्यानं वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं. "खूण करून ठेवली. म्हटलं, हिला दिसेल. उद्या दिसेल, परवा दिसेल. महिनाभर रोज संध्याकाळी तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

"पण मग बोलायचं ना! एक शब्द बोलला असतात तर मी तिथल्या तिथे..."

"विचारलं होतं मी. सगळ्यांसमोर विचारलं होतं. गरज नाही म्हणालीस."

तिनं पर्समधून निळा कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. "काल परत केली चाचणी. चार नंबरची. बघा तरी."

त्यानं चष्मा लावला. आकडे एकेक करून वाचले, अगदी सावकाश. साठ पूर्णांक एकवर बोट क्षणभर थांबलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि तिला वाटलं, आता हा माणूस एक तर रडेल, नाही तर मारेल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"चिकटली असेल झडप," तो म्हणाला.

"एक तास. मग सुटली."

"सुटणारच." कागदाची त्यानं चौघडी केली.

"मी उद्या साहेबांकडे जाते. वही आहे अजून. यादीवर सही केलेली नाही मी. वही दाखवते, हा कागद दाखवते. तुम्ही वरच्या मजल्यावरून निवृत्त व्हाल, निदान कागदावर तरी."

"नको. वही जाऊ दे."

"का?"

त्यानं पेन्सिल वर्तमानपत्रावर ठेवली. "पहिला महिना वाट बघितली. मग तुला बढती मिळाली. लोक तुझ्या खरेपणाचे गोडवे गायला लागले, माझ्याच तोंडावर. मी टाळ्या वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, हे सगळं पाच मिलिग्रॅमवर उभंय आणि ते मला एकट्याला माहीत आहे. मग मला ते आवडायला लागलं." तिच्याकडे त्यानं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तुला सांगितलं असतं तर तू माफी मागितली असतीस. रडली असतीस, पाया पडली असतीस. आणि मग मला माफ करावं लागलं असतं."

"मग? एवढं अवघड होतं ते?"

"माझ्याकडे दुसरं उरलं काय होतं?" एवढं बोलून तो उठला आणि निळा कागद घेऊन आत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बंद झाल्याचाही. तिनं उरलेली भाजी चिरली. दोघं जेवली. मीठ पडायचं राहिलं होतं, तरी भाजी संपली.

गुरुवारी कारकून पुन्हा दारात उभा राहिला आणि तिनं यादीवर सही केली. नवऱ्यानं सांगितलं म्हणून केली, असं तिनं स्वतःला बजावलं. पण पेन उचलताना छातीवरचा दगड हलका झाला, तेव्हा तिचं तिलाच कळलं की ह्यात नवऱ्याचा भाग निम्माच. चौदा वह्या गेल्या. यंत्राचा आवाज तिच्या खोलीपर्यंत येत होता आणि काट्यावरचा आकडा थरथरत होता. त्या दुपारी तिनं एकही चाचणी लावली नाही. आपण केलं काय हे तिला हळूहळू, संध्याकाळपर्यंत कळत गेलं. पहिल्या वेळी अजाणता नापास केलं होतं. आज जाणूनबुजून केलं.

निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारी चार वाजता, वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत. खुर्च्या, केक, कागदी बश्या, गुंडाळलेलं एक भिंतीवरचं घड्याळ. तळमजल्याची माणसं मागे, वरची पुढे. तो पांढरा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसला होता. शर्ट तिनंच सकाळी इस्त्री केला होता आणि तेव्हा खिसा रिकामा होता. आता खिशातून चौघडी केलेल्या कागदाची निळी कड डोकावत होती.

ह्यानं कागद आणलाय! म्हणजे बोलणार आहे, सगळ्यांदेखत कागद काढून दाखवणार आहे. तिला भीती वाटली पाहिजे होती. वाटलं ते उलटंच. एकदाचं होऊन जाऊ दे, बोला, मी आहे इथे, असं तिच्या मनात आलं. इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

साहेब बोलायला उठले. झडपरावांचा शांत स्वभाव, न चुकणारे पत्ते, आणि मग अर्थातच ती गोष्ट. "सख्ख्या नवऱ्याला नापास करणारी बाई ह्या कंपनीत आहे, आणि ते हसत सोसणारा नवराही ह्याच कंपनीत आहे!" सगळे हसले. मग नवरा बोलला. दोन मिनिटं, सगळ्यांचे आभार, तळमजल्याच्या माणसांची आठवण. खिशाला हात लावला नाही. खाली बसला.

"बाई, तुम्हीही दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

ती उठली.

"ह्यांचा पंप पास होता," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वीची चाचणी चुकली होती. चूक ह्यांची नव्हती, माझी होती. बाटलीत तेल असताना मी वरून साक्षीच्या बाटलीची घट मिळवली. पंप बरोबर चालत होता. ह्यांची झडप बरोबर होती. निवड ह्यांचीच व्हायला हवी होती."

ज्यांना काट्याचं काम कळत होतं त्यांच्यातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांच्या कपाळावर आठी उमटू लागली होती. अजून एक क्षण गेला असता तर ती पुरती उमटली असती. आता फक्त एका माणसानं खिशातला कागद काढायचा होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. ह्या वेळी बघत राहिली.

तो उठला. दोन्ही हात पसरून खोलीभर नजर फिरवली आणि मोठ्यानं हसला. "ऐकलंत ना मंडळी? अकरा वर्षं लागली, पण शेवटी बायकोनं पास केलं!"

हशा उसळला. साहेबांची आठी कुठल्या कुठे गेली, तेही गदागदा हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्याला म्हणतात निरोपाची भेट!" दोघी-तिघींनी डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"नाही, खरंच सांगतेय," ती म्हणाली. "चार नंबरचा पंप मी मंगळवारी परत..."

टाळ्यांत पुढचं ऐकू आलं नाही. शेजारच्या बाईनं तिचा हात प्रेमानं दाबला आणि तिला खाली बसवलं. "केवढं मोठं मन लागतं हो असं बोलायला," ती शेजारीण म्हणाली आणि केकची बशी तिच्या हातात दिली.

साहेब घड्याळ घेऊन त्याच्याकडे निघाले. त्यानं आधी खिशातून वर आलेली निळी कड अंगठ्यानं नीट आत दाबली आणि मग हात पुढे केला.